मधला खटका

प्रिय बाबा,

गिटार परत पाठवतेय. सॉकेट बदललंय, आता वायर कितीही हलवली तरी खरखर होणार नाही. हे पत्र बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, तारांच्या पाकिटाखाली ठेवलंय, कारण त्या कप्प्यात तुमच्याशिवाय कुणी हात घालत नाही. मेसेज करता आला असता, पण फोन आईचा, आणि हल्ली ती तुमच्याकडून आलेलं आणि तुम्हाला गेलेलं सगळं मावशीला वाचून दाखवते. तेव्हा हे एकटे असताना वाचा, पूर्ण वाचा, आणि अर्ध्यातून गिटार लावून बघायला उठू नका. मी तुम्हाला ओळखते. म्हणजे, ओळखते असं वाटत होतं.

मी बरी आहे. शाळा सोडल्यावर तुम्ही मला भाऊंच्या दुकानात चिकटवून दिलंत ते चांगलंच झालं. भाऊ आता गिटारी उघडायला मलाच देतात. काउंटरवर मात्र मी अजून उभी राहत नाही. गिऱ्हाईक आलं रे आलं की मला एकदम एखादी सुटलेली वायर सोल्डर करायची आठवते. तुम्ही मला म्यूट म्हणायचात ते भाऊंनी उचललंय, पण तुमच्यासारखं म्हणता येत नाही त्यांना. ते म्हणतात तेव्हा खरंच कुणीतरी माझं बटण दाबल्यासारखं वाटतं.

तुमची गिटार तुमच्या हॉटेलच्या गावाहून बसच्या ड्रायव्हरने आणून दिली तेव्हा मी खूश होते. मग तुम्ही बॅगेवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. फक्त सॉकेट बदला, स्विचला हात लावू नका, आता कुठे नीट वाजतेय. हे मला तिथल्या तिथे खटकलं. नीट वाजत नव्हती कधी? ती गिटार तर तुम्ही मी पाळण्यात असल्यापासून वाजवताय. मी सॉकेट बदललं, अँपला लावली, एक साधा कॉर्ड मारला आणि भाऊंनी दोन्ही कानात बोटं घातली. एक बाई मुलाला घेऊन की-बोर्ड बघायला आल्या होत्या, त्या मुलाला घेऊन सरळ बाहेर गेल्या. मला वाटलं स्विच खालच्या खटक्यावर असेल. बघितलं तर वरच्यावर होता.

तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण मी पुढे काय बदललंय ते यावरच आहे. तुमच्या गिटारीत तारांचा आवाज उचलणारे दोन पिकअप, एक गळ्याजवळ, एक खाली तारा टेकतात त्या ब्रिजजवळ. स्विचला तीन खटके. वरच्यावर नुसता गळ्याजवळचा वाजायचा, जाड, गरम, रजईत शिरल्यासारखा. खालच्यावर नुसता ब्रिजजवळचा, आणि त्याला तुम्हीच डोक्यात खिळा म्हणायचात. मधल्यावर दोन्ही मिळून. तुम्ही आयुष्यभर वरच्यावर वाजवलंत, फार तर मधल्यावर. आणि आता तिन्ही खटक्यांवर खिळाच. एक छोटा, एक मोठा, एक गंजलेला. टोनचा नॉब फिरवला तर तो नुसताच फिरत होता, पंख्याच्या बंद पडलेल्या रेग्युलेटरसारखा.

मी बोलत नाही बोलत नाही आणि मग नको तिथे बोलते. रात्री जेवताना मी आईला सांगून बसले की बाबांनी गिटारीचा आवाज पार बदलून टाकलाय, त्यांना आधी आवडायचं त्याच्या बरोब्बर उलटा. मावशी होतीच. मावशी हल्ली असतेच. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "आवड अशी आपोआप बदलत नसते गं. कुणीतरी ती बदलतं." आईने माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं, म्हणजे तिचं लक्ष ताटात नव्हतं.

मावशीचा तुमच्यावर राग आहे हे तुम्हाला कळलंय का, मला माहीत नाही. तिचा पाय मोडला तेव्हा आईने तुम्हाला फोन केला होता, स्पीकरवर, आम्ही सगळे दवाखान्यात पलंगाभोवती उभे. आई म्हणाली की ताईचा पाय मोडलाय. तुम्ही म्हणालात, अरे वा, छान छान, जोरात होऊ दे. मावशी तो पाय प्लास्टरमध्ये असताना हे सगळ्यांना सांगायची आणि प्लास्टर निघाल्यावरही सांगते. त्यानंतर तुम्ही फोन उचलणंच बंद केलंत. मेसेजला लगेच उत्तर, फोन केला की कट, आणि मग मेसेज की प्रॅक्टिस चालू आहे. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी प्रॅक्टिस. मावशी म्हणते, हॉटेलात जेवणाऱ्या लोकांसमोर चार गाणी वाजवायला एवढी कसली प्रॅक्टिस. खरं सांगू, मलाही तेच वाटायला लागलं होतं.

म्हणून मी मागचं झाकण उघडलं. चिठ्ठीत नको लिहिलं होतंत तरी. भाऊ जेवायला गेले होते. आतलं काम तुमचंच होतं, तुम्ही वायरला आधी गाठीसारखा पीळ देता तो ओळखता येतो, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, कारण जोडांवर लावलेलं नेलपॉलिश गुलाबी होतं. तुम्ही पक्क्या झालेल्या जोडावर नेलपॉलिशचा ठिपका देता, कोणता जोड तपासून झाला ते कळायला. मीही तसंच करते, भाऊ हसतात. पण तुमची बाटली आईची होती. जाताना तिच्या कपाटातून नेलीत, ती काळपट लाल. आणि हे गुलाबी, चमचमणारं. आईने असला रंग जन्मात लावला नसता. मी बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत बसले. मग थिनर घेतलं आणि पुसून टाकले, सगळे, एकेक. आईने झाकण उघडून बघितलं नसतंच, तरी पुसले. मला माझाच राग आला. तुमच्यासाठी मी कशाला पुसतेय?

त्यानंतर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. पट्टा नाकाला लावून बघितला. तुमच्याच घामाचा वास. बॅगेचे कप्पे उलटे केले, तार छेडायची पिक्स आणि चुरगळलेले बोळे निघाले, कापसाचे. कापूस कशाला ते तेव्हा सुचलं नाही. आई झोपल्यावर तिच्या फोनवर तुमच्या हॉटेलचे फोटो मोठे करकरून बघितले, कुणाची नखं गुलाबी आहेत ते. तुमच्या बँडमध्ये गाणारी आहे ती नखं खाते. ड्रमवाल्याची दिसली नाहीत. तुम्ही मात्र प्रत्येक फोटोत आहात आणि प्रत्येक फोटोत गाणारीच्या तोंडाकडे बघताय. एका फोटोत नाही, सगळ्यात. मी फोन पालथा ठेवला. मला वाटलं, झालं, मावशी बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिटार घरी आणली. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. वाजवून वाजवून तुमचं काय चाललंय ते कळेल असं काहीतरी. तुमचा जुना अँप कॉटखालून काढला, लावला, आणि पहिल्याच कॉर्डला आई आतून ओरडली की डोकं फुटतंय, बंद कर ते. बंद करायचं नव्हतं मला. म्हणून मी कॉटवरची रजई ओढली आणि अँपवर टाकली, दुहेरी करून, आणि परत तोच कॉर्ड मारला.

बाबा, तो तुमचा आवाज होता. रजईतून आलेला. जाड, गरम, तुम्ही आमच्या खोलीत बसून वाजवायचात अगदी तसा. मी रजई काढली, खिळा. रजई टाकली, तुम्ही. असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक, आईला वाटलं मी वेडी झाले. मग मी जमिनीवर बसून राहिले. ज्याने ही गिटार जोडली त्याला ती अशीच ऐकू येत होती, आणि रजई अँपवर नव्हती, तुमच्या कानांवर होती. म्हणजे आवड बदललेली नाहीये तुमची. तुम्ही तोच आवाज शोधत होतात, आणि तो सापडेना म्हणून वायरी कापत गेलात. आधी आवाजाची धार कमी करणारा टोनचा कपॅसिटर काढलात, मग गळ्याजवळच्या पिकअपची जाडी मारलीत, मग प्रत्येक खटक्यावर ब्रिजचा पिकअप जोडलात. तरीही पुरत नसेल. हो ना?

मग सगळं आठवायला लागलं. मागच्या वेळी आला होतात तेव्हा तुम्ही ओट्याला टेकून उभे, शेजारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय, आणि तुम्ही मला तार कशी ओढायची ते शांतपणे सांगताय. आई धावत आली, तुमचं लक्ष कुठे असतं म्हणाली. लक्ष नव्हे, मन, मावशी म्हणाली, आणि ते तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून तुम्ही तिच्याकडे बघून हसलात. ते हसणं तिला किती लागलं असेल! आणि फोटोत गाणारीच्या तोंडाकडे बघणं. ओठ बघत असाल, कुठली ओळ चाललीय ते कळायला. कापूस कानातला असेल, ड्रमचा त्रास होत असेल. नेलपॉलिशची जुनी बाटली सुकली असेल आणि तुम्ही समोर दिसली ती नवीन घेतली असेल. असंच असेल ना? हे एकच मला अजून नक्की माहीत नाही, आणि मी विचारतेय, तेव्हा खरं सांगा.

आधी मी रडले आणि मग मला तुमचा खूप राग आला. ऐकू न येणारा गिटारवाला कोण ठेवून घेईल, हे मला कळतं. हॉटेलवाल्यांना नाही सांगितलंत, ठीक. पण आईला वाटतंय की तुमचं तिथे दुसरं कुणीतरी आहे, आणि तुम्ही ते तिला वाटू देताय. ते तुम्हाला जास्त बरं वाटलं?

आता गिटारीचं. चिठ्ठी मोडून मी आत हात घातलाय. खालचा खटका तुम्ही केला होता तसाच ठेवलाय, खोलीत एकटे असाल तेव्हा तो लावा, तो तुमच्या कानांसाठी. वरचा पूर्वीसारखा केलाय, गळ्याजवळचा पिकअप, काहीही न कापता. टोनचा कपॅसिटर नवीन टाकलाय. आणि मधल्यावर दोन्ही पिकअप नीट जुळवून दिलेत, भाऊंनी दुकानाच्या दारात उभं राहून ऐकलं आणि पहिल्यांदाच काही चूक काढली नाही. हॉटेलात मधल्यावर वाजवा. तुम्हाला तो बसका वाटेल, कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखा. नॉब फिरवू नका. समोरच्यांना तो चांगला ऐकू येतोय, हे माझ्या कानांवर सोडा. वाजवताना माझ्यावर संशय येईल तुम्हाला, तो येऊ दे. मला तुमच्यावर आलाच होता.

आणि आता ज्यासाठी हे सगळं घाईघाईने लिहिलं ते. रविवारी आई तिथे येतेय. न सांगता, मावशीला घेऊन, पहिल्या बसने. तुम्हाला रंगेहाथ पकडायचं ठरलंय. हे मला कळू नये असं काही नव्हतं, माझ्यासमोरच ठरलं, मावशी म्हणाली हिची काय काळजी, ही कुठे बोलणार आहे. आईने चांगले कपडे इस्त्री करून ठेवलेत. भांडायला जाताना कुणी एवढे चांगले कपडे घालतं का, तुम्हीच सांगा. गिटार तुमच्याकडे शुक्रवारी पोचेल असं ड्रायव्हर म्हणालाय. मी आईला काही सांगितलेलं नाही, कारण हे माझ्या तोंडून तिने ऐकणं बरोबर नाही. तुम्ही सांगा. ती काही विचारायच्या आधी सांगा, मावशीसमोर सांगायला लागलं तरी सांगा. हो हो करून वेळ मारून नेऊ नका, उगाच हसू तर अजिबात नका. आई आधी विश्वास ठेवणार नाही, मग रडेल, मग खूप ओरडेल, आणि रडताना ती तोंड भिंतीकडे फिरवते हे तुम्हाला माहीत आहे. तसं तिने केलं ना, तर तिच्या खांद्याला हात लावा आणि म्हणा, इकडे बघून ओरड.

तुमचीच,
म्यूट