गिरणी थांबल्यावर

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. भावजींचं पत्र आलं. तुझ्या कानात शिट्टी वाजते, ती थांबत नाही आणि तू कोणाला सांगत नाहीस, असं ते लिहितात. त्यांनी विचारलं तर त्यांनाच गप्प बसवतेस, असंही.

आता चांगली बातमी. तुमच्या कपबश्यांच्या कारखान्याने मला बोलावलं आहे, कामगारांसाठी ध्यानाचा वर्ग घ्यायला. तुमचे साहेब सज्जन वाटले. पारखणीत चुका वाढल्या आहेत, लोकांचं लक्ष लागत नाही, त्यांना एकाग्रता शिकवा, म्हणाले. मी हो म्हटलं. लहानपणी ज्याच्या तोंडावर तू हात दाबून धरायचीस, तो आता लोकांना गप्प बसायला शिकवतो आणि लोक वर त्याला चहा पाजतात.

तू पहिल्या रांगेत बस. तुझी शिट्टी यानं जाणार नाही, पण तिच्याशी चाललेलं भांडण मिटेल. चिमी आता तुझ्याच शेजारच्या टेबलावर कामाला लागली असं कळलं. मायलेकी एका खोलीत, म्हणजे कपांचं काही खरं नाही.

भेटीत कान उपटशीलच. तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बडबड्या


११ जानेवारी

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनात आहे ते खाली वाच.

ज्या पारखणीत चुका वाढल्या ती माझी. साहेबांनी तुला नाव सांगितलं नाही, तेवढाच त्यांचा सज्जनपणा.

माझं काम तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. भट्टीतून आलेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीने त्याच्या काठावर हलकेच वाजवायचं. चांगला कप खणखणतो. डोळ्याला न दिसणारी चीर असली तर बद्द बोलतो. लग्नाआधीपासून मी हेच करते आहे. जन्मभर लक्ष देण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, आणि आता मला लक्ष द्यायला शिकवायचं आहे. ते तू शिकवणार.

गेल्या वर्षी माती आणि दगड दळायची गिरणी मागच्या शेडमधून काढून आमच्या खोलीला लागून आणून बसवली. ती शेड त्यांना गोदामाला हवी होती. मोठं लोखंडी पिंप, आत गोटे, ते दिवसभर गडगडत फिरतं. मध्ये नुसता पत्रा. आम्ही तक्रार केली. साहेब म्हणाले, सवय होईल. झाली. आता गिरणी थांबली तरी माझ्या कानात ती चालूच असते, फक्त बारीक होऊन. जेवताना, कपडे वाळत घालताना, उशीवर डोकं टेकलं की तर अगदी.

त्या शिट्टीमुळे मला प्रत्येक कप बद्द वाटायला लागला. मी पेट्याच्या पेट्या बाद केल्या. मुकादमाने त्या बाहेर अंगणात नेऊन वाजवून पाहिल्या. सगळे कप खणखणीत. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाई, घरी काही अडचण आहे का. चिमी शेजारी मान खाली घालून बसली होती.

म्हणजे गिरणी त्यांची, कान माझे आणि दोष माझ्या मनाचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ते पाजायला येतोय कोण, तर माझा पाठचा भाऊ.

येऊ नकोस. यायचंच असेल तर इथे तुला बहीण नाही असं धरून ये.

लोभ आहे, पण आज तो तुला शोधावा लागेल.

ताई


१७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून. गिरणीचं मला कोणी सांगितलं नाही. पण लोकांचं लक्ष लागत नाही असं कोणी म्हटलं, तर का लागत नाही हे मी विचारायला हवं होतं. मी माझ्या कौतुकात होतो.

आता माझा राग ऐक. वर्षभर कान वाजतोय आणि तू डॉक्टरकडे गेली नाहीस. दातओठ खात कप वाजवत राहिलीस. आई दुखणं लपवायची तेव्हा तिला सगळ्यांत जास्त कोण बोलायचं? तू. आता तीच तऱ्हा. आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. माझ्या ध्यानाने कान बरा होत नाही, हे मी तुझ्या साहेबांनाही सांगणार आहे.

पण ध्यान म्हणजे थोतांड नव्हे. माझ्यावर चिडून का होईना, करून बघ. खुर्चीत बस. पाय जमिनीला टेकले आहेत हे जाणवू दे. श्वास येतो आणि जातो, तो नुसता बघ, हाकू नकोस. शिट्टी येईलच. तिला हाकलू नकोस आणि तिच्यामागे जाऊही नकोस. आवाज आहे, एवढंच मनात म्हण. मग आणखी काय ऐकू येतं ते पाहा. नळ असेल, पंखा असेल, रस्त्यावरून जाणारी सायकल असेल. शिट्टी ही त्यांच्यातलीच एक. जबडा आवळलेला असेल तर सैल सोड. राग आला तर राग आहे, असं म्हण. तुला ते पुष्कळदा म्हणावं लागेल.

वर्गाला नाही म्हणू का ते कळव. तू सांगशील तसं करीन.

रागाच्या पत्रातही आशीर्वाद आधी आले होते. सध्या त्यावर निभावतो आहे.

तुझा,
बडबड्या


९ फेब्रुवारी

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करा म्हणाले. मी आवाजाची वाट बघत बसले होते, तेवढ्यात ते म्हणाले, झालं. बारीक आवाज येऊन गेले होते. मला कळलेच नाहीत. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. शिट्टीवर गोळी नाही. गोंगाटापासून लांब राहा आणि ध्यान करून बघा. तुमचं दोघांचं संगनमत आहे की काय?

केलं ध्यान. पहिल्या दिवशी खुर्चीतून उठून कपाट आवरलं. दुसऱ्या दिवशी आवाज आहे, आवाज आहे म्हणत त्या आवाजाला शिव्या घातल्या. मग एका सकाळी स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तो ऐकत बसले. शिट्टी त्या नळाच्या पलीकडे जाऊन बसली. गेली नाही, पण माझ्या छातीवरून उठली. जबडा सुटला तेव्हा कळलं की तो वर्षभर आवळलेला होता. आता झोप लागते.

लागू पडलं, याचाच जास्त राग आला. आता साहेब म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो? गिरणी आहे तिथे राहील आणि आम्ही डोळे मिटून बसू. आधी माझा सगळा राग शिट्टीवर जायचा. आता तो पुरता उरला आहे, आणि कुठे जायचं ते त्याला कळलं आहे.

आणखी एक. काल चिमी स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहून ओरडत होती. भांडत नव्हती, मीठ मागत होती. मी विचारलं, तुझ्या कानात काही होतं का. ती म्हणाली, तुला सगळीकडे तुझंच दुखणं दिसतं. खरंही असेल. माझा माझ्या कानांवर भरवसा राहिलेला नाही.

म्हणून वर्गाला नाही म्हणू नकोस. ये. पण वर्ग जेवणघरात नको, आमच्या खोलीत घे, गिरणी चालू असताना. साहेबांना पहिल्या रांगेत बसव. मी बोलावून ते येत नाहीत, तुझ्या शब्दावर येतील. आल्यावर माझ्याशी बोलू नकोस, नाहीतर बहिणीने शिकवून पाठवलं म्हणतील.

आशीर्वाद या वेळी मनापासून आहेत. वापरून टाकू नकोस.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसा तुझ्याकडे न बघता आलो आणि न बोलता गेलो. तुझे डोळे मिटलेले होते, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

श्वासाकडे लक्ष द्या, असं मी म्हणालो, ते साहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने ते खुर्चीत चुळबुळ करू लागले, मान चोळू लागले. मग त्यांनी मुकादमाला खूण केली आणि गिरणी बंद झाली. वर्षभर तुमच्यासाठी न थांबलेली गिरणी त्यांच्या ध्यानासाठी थांबली. मला ओरडावंसं वाटलं. लोकांना शिकवतो ते स्वतःला म्हटलं: राग आहे.

कोणाची तरी दांडी टेबलावरून घरंगळली, तीही ऐकू आली. साहेब हसून म्हणाले, आता कसं शांत वाटतं. मी म्हणालो, कोणीही डोळे उघडू नका. ज्यांना अजूनही काही ऐकू येतंय, बारीक, कानाच्या आत, त्यांनी हात वर करा.

तुझा हात आधी वर गेला. मग पलीकडच्या टेबलावरचा. मग पत्र्याजवळ बसणाऱ्या सगळ्यांचे. एकीलाही दुसरीचा हात दिसत नव्हता. साहेबांचे हात तेवढे मांडीवर होते. त्यांनी डोळे उघडले, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

ताई, चिमीचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. आधी अर्धाच, कोपर टेबलावर टेकून. मग तिने तो सरळ केला. मी हात खाली घ्या म्हणेपर्यंत तो तुझ्या हाताशेजारी तसाच होता.

फाटकाशी साहेबांनी पुढचा वर्ग कधी, असं विचारलं. मी म्हणालो, गिरणी हलवल्यावर. ते म्हणाले, ते वरून ठरतं. तोपर्यंत बायकांनी रोज काम सुरू करण्याआधी ध्यान करावं, हवा तेवढा वेळ घ्यावा, माझी काही हरकत नाही. मुकादमाच्या देखत म्हणाले. मी पुन्हा तिथे शिकवायला येणार नाही.

चिमीला रागावू नकोस. माझ्यावर आहे तेवढी माया थोडे दिवस तिच्याकडे वळव.

तुझा,
बडबड्या


१५ मार्च

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

चिमीला डॉक्टरकडे नेलं. तिचं थोडं गेलं आहे. गोंगाटात पुन्हा बसली नाही तर बाकीचं राहील, म्हणाले. ती रडली नाही. येताना वाटेत तिने विचारलं, तेव्हा तुझा हात किती वेळ वर होता. मी म्हटलं, तुझ्या आधीपासून.

साहेबांची परवानगी होती, हवा तेवढा वेळ घ्या. आम्ही आज्ञाधारक. सोमवारी सकाळी सगळ्या जणी आपापल्या टेबलाशी बसलो. पाय जमिनीवर, हात मांडीवर, डोळे मिटलेले. भोंगा झाला. गिरणी सुरू झाली. आम्ही उठलो नाही. भट्टीकडून कप येत राहिले. टेबलं भरली, मग जमीन भरली. वाजवल्याशिवाय कप कारखान्याबाहेर जात नाही. मुकादम ओरडून गेला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, आम्ही श्वास बघत होतो. मग साहेब आले. किती वेळ चालणार हे, म्हणाले. मी डोळे न उघडता सांगितलं, साहेब, अजून लक्ष लागत नाही. शेजारी गिरणी आहे.

दुपारी ती बंद झाली. आम्ही तरी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही बसलो. तिसऱ्या दिवशी मागच्या शेडमधलं गोदाम रिकामं करायला माणसं आली. वरून ठरतं म्हणाले होते. वरचे इतके जवळ राहत असतील असं वाटलं नव्हतं.

गिरणी तिकडे परत गेली आणि काल पुन्हा काम सुरू झालं. खोलीत आता फक्त कपांचा आवाज. मी पहिला कप वाजवला. मला बद्द वाटला. बाद करायचा नाही म्हणून हातात धरून बसले. मग चिमीकडे सरकवला. तिने कानाशी नेऊन वाजवला, पुन्हा वाजवला आणि चांगल्या कपांत ठेवला. शंका आली की आता कप तिच्याकडे जातो. तिला शंका आली की पलीकडच्या टेबलावर.

शिट्टी आहे. ती राहणार. रागही आहे. त्याला मी हाकलत नाही आणि त्याच्यामागे जातही नाही. शेजारी बसवून ठेवला आहे, लागेल तेव्हा हाताशी असावा म्हणून.

पुढच्या वेळी आलास की माझ्याशी बोल. मोठ्याने बोल. माया आहे तिथेच आहे.

ताई