रेसला जाते, लावत नाही

८ जाने., रवि.
पहिली टपकली ती मुलाची आत्या. चारची वेळ दिलेली, ही साडेतीनलाच दारात. मी सांजा ढवळतेय, सूनबाई नलू साडीला पिना लावतेय, आणि जिला बघायला येणार त्या आमच्या शुभाची वेणी अर्धी. दहिसरहून घाटकोपर लांब, उशीर होईल म्हणून एकटीच पुढे आले म्हणे. उशीर होईल म्हणून लवकर, असू दे. बाई बोलायला गोड. आजी, तुमचा दिवस कसा जातो? मी म्हटलं, बाकीचे जातात कसेतरी, पण थंडीतला रविवार माझा. महालक्ष्मीला रेसला जाते. आज तुमच्यासाठी राहिले.
नलूने आतून पातेलं आपटलं. तेव्हा कळलं हे बोलायचं नव्हतं. मला कोणी आधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी...
मुलगा आणि त्याची आई आली, तर आत्याने त्यांना जिन्यातच गाठलं. मुलाची आई सुलभाबाई. सांज्याची बशी हातात घेतली नि तशीच खाली ठेवली. "माझ्या वडलांनी रेसपायी परळची खोली घालवली. आईच्या गळ्यातलंसुद्धा." एवढंच बोलल्या. कळवतो म्हणाले. मुलगा बिचारा चपला घालताना शुभाकडे बघत होता, डावी उजव्या पायात.
सांजा झकास झालेला. आम्हीच संपवला.

९ जाने., सोम.
दिगू कंपनीतून आला तोच तोंड फुगवून. मुलगा माझा, पण बोलतो सासऱ्यासारखा. म्हणतो, दहिसरला निरोप धाडतो, आईने रेस सोडली. मी म्हटलं, सोडायला मी धरलंय काय? एक पैसा कधी लावला नाही. ह्यांनी तबेल्यात मोतद्दारी केली. घोड्याला न्हाऊ घालायचं, फिरवायचं, आजारी पडला की त्याच्या शेजारीच झोपायचं. माझ्या शेजारी कमी, त्याच्या शेजारी जास्त. लग्नानंतर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपण पैसे लावायचे नाहीत. बघायचं. ते गेले, मी बघते.
दिगू हसला. "आई, पैसे न लावता रेसला कोण जातं गं?"
पोटचा पोरगा. त्यालाही खरं वाटत नाही! नलू हळूच म्हणाली, एवढ्या वेळेला खोटं बोला ना आई, पोरीचं भलं होईल. मी पोटभर जेवले. रुसायला मी काय नवी नवरी आहे.

११ जाने., बुध.
शुभाला तेल लावताना विचारलं, तुला काय वाटलं गो? "मला आवडला तो, आजी."
तेलाचा हात तसाच केसात राहिला. आता आली पंचाईत. एक खोटं बोलले की काम होतंय. पण मग ही पोर जन्मभर सासरी माझं खोटं राखत बसणार, नि मी रविवारी तोंड लपवून जाणार. मी काय चोर आहे? तिलाच विचारलं, सोडू? म्हणाली, सोडणार असशील तर खरंच सोड, नुसतं सांगू नकोस.
शहाणी बाय माझी. पण खरंच सोडायचं म्हणजे... नाही. होणार नाही ते माझ्याने.

१४ जाने., शनि.
संक्रांत. लाडू दगडासारखे, पाक पुढे गेला. दहिसरहून काही नाही. दिगू माझ्याशी बोलत नाही, मीठ हवं तर नलूला सांगतो, नलू मला सांगते, मीठ त्याच्याच समोर.

१५ जाने., रवि.
गेले. दिगू दारात हात आडवा लावून उभा. मी त्याच्या काखेखालून गेले. बुटकी असल्याचा फायदा.
मोठ्या शर्यतीला आठ घोडे. पळायच्या आधी गोल फिरवतात तिथे कठड्याला टेकून उभी राहिले. इंग्रजी नावं मला कुठली वाचता येतात, मीच ठेवते.
पाटलीण, लाल घोडी. सगळे हिच्यावरच लावत होते. अंग आरशासारखं, पण मांड्यांमध्ये पांढरा फेस. घाम आधीच गाळला तर पळताना काय उरणार? बाद.
काळ्या. कान मागे पाडलेले, शेपूट सारखी फटकारतोय. रागावलाय. रागावलेला घोडा आमच्या दिगूसारखा, सगळा जोर घरातच.
शेटजी. चाल बरी, पण पोट सुटलेलं. अजून पळवायला हवा होता.
बाकीचे चार असेच, गर्दी करायला.
आणि मुका. तपकिरी, त्याच्याकडे कोणी बघेना. डोळा शांत, कान पुढे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडत होता. हे म्हणायचे, चालताना लांब टाकतो तो पळतानाही लांब टाकतो. मनाने सांगितलं, मुका.
शेजारच्या माणसाने विचारलं, मावशी, कुठला लावलात? म्हटलं, लावला नाही, बघितला. तो जरा लांब सरकला.
पाटलीण वळणावरच दमली. मुका जीव तोडून पळाला, दुसरा आला. पहिला शेटजी. पोटासकट! वाट लागली माझ्या अकलेची. ह्यांना वर हसू आवरलं नसेल. येताना चणे खाल्ले. काय छान दिवस.

१७ जाने., मंगळ.
न कळवता सुलभाबाई दारात. मुलगा बरोबर, हातात तिळगूळ, तोंड मात्र गोड नाही. बसल्या त्या माझ्याच समोर. रविवारी गेला होतात? दिगू मधे पडला, छे छे, आता ती कुठे... मी म्हटलं, गेले होते. लावलंत? नाही. मग दिवसभर केलंत काय?
सांगितलं सगळं. पाटलिणीचा फेस, शेटजीचं पोट, मी कशी चुकले ते. मुलगा हसायला लागला, आत शुभाही. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "बाबा घोड्याबद्दल कधी बोललेच नाहीत. नुसते आकडे. ज्याच्यावर खोली लावली तो काळा होता की पांढरा, तेही त्यांना सांगता आलं नसतं."
चहावर साय धरली.
मग म्हणाल्या, "मला न्या तुमच्याबरोबर. मला बघायचंय. पैसे लावायच्या खिडकीकडे तुमचा पाय वळला तर मी तिथूनच घरी जाईन, आणि हे स्थळ विसरा."
मी म्हटलं, या. चपला चांगल्या घाला, उभं राहावं लागतं.
ते गेल्यावर दिगू डोकं धरून बसला. म्हणतो, आई, त्या दिवशी आजारी पड. पडत नाही म्हटलं.
शुभाने माझी नऊवारी काढून धुतली, वाळत घातली.
खिडकीची मला धास्ती नाही. धास्ती एवढीच, की बाई सारा वेळ माझ्या पायांकडे बघत राहतील, नि घोडे पुढून निघून जातील.
रविवारी, २२ तारखेला, दुपारी जेवून येतो म्हणाले मायलेक.