शलाकाच्या गाडीचा कागदी नंबर

१६ ऑक्टोबर २००४, शनिवार

सकाळी शलाकाचा फोन. "आई, आधी खाली बस," म्हणाली. मी बसले. तर म्हणे गाडी घेतली. नवी कोरी, निळी, स्वतःच्या नावावर.

ओहायोतल्या तिच्या त्या गावात बस नाही, रिक्षा नाही. वर्षभर ऑफिसला जायला कुणाच्या ना कुणाच्या गाडीत मागे बसून गेली. कुणाला उशीर झाला की ही दारात बॅग घेऊन उभी. कधी तक्रार नाही. आपली मुलगी परक्याच्या गाडीत अंग चोरून बसते, हे मला मात्र इथे बसून टोचायचं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मायलेज किती?" अंबडच्या कारखान्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, प्रश्न तेच. मग दूध आणायला म्हणून गेले ते तासाभराने आले. कॉलनीत चार घरी सांगून झालं होतं.

१८ ऑक्टोबर

हे कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून फोटोचा प्रिंट घेऊन आले. श. गाडीला टेकून उभी. केस कापलेत. बोलली नव्हती.

दुसरा फोटो मागच्या बाजूचा. नंबरप्लेटच्या जागी पुठ्ठ्यासारखा कागद आणि त्यावर जाड काळ्या पेनाने हाताने लिहिलेली तारीख. रात्री तिलाच विचारलं.

"टेंपररी नंबर आहे, आई. डीलर देतो. तीस दिवस चालतो. ती तारीख म्हणजे त्याचा शेवटचा दिवस. तोवर पत्र्याची प्लेट आणायची."

एवढा मोठा देश आणि नंबर कागदाचा. गंमत वाटली.

ह्यांची स्कूटर आठवली. किती वर्षं बुकिंग करून बसलो होतो. आली तेव्हा नंबर मिळायचा होता, म्हणून पाटीवर लाल रंगात नुसतं 'ए/एफ'. म्हणजे अर्ज केला आहे, नंबर येईल तेव्हा येईल. तशाच स्कूटरवरून चांदवडला रेणुकेला गेलो. पाटीवर वन्संनी दिलेला झेंडूचा हार, मी मागे, शलाका पोटात. नाक्यावरच्या पोलिसाने हार पाहिला आणि हसून जा म्हणाला. आपल्याकडे हार हाच नव्या गाडीचा परवाना.

२२ ऑक्टोबर, दसरा

वन्सं मखमलाबादहून टोपलीभर झेंडू घेऊन आल्या. ह्यांची थोरली बहीण, अजून मळा स्वतः बघते. फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"लग्नाआधी गाडी. आता नवऱ्याला मागं बसवती का काय?"

"बसेल की. चार दारं आहेत गाडीला."

"लय शानी झालीस नलू तू." पण फोटो परत देताना पदराने पुसून दिला.

संध्याकाळी श.ला फोन लावला, तिकडे सकाळ. म्हटलं, आज पूजा कर. नंबरावर स्वस्तिक काढ. ती म्हणाली, "स्वस्तिक नको, आई. इथे त्याचा भलताच अर्थ घेतात." बरं, मग कुंकू कालवून नंबरावर पाच बोटं तरी उठव. ती तिकडे निघाली तेव्हा मी दिलेली कुंकवाची डबी अजून आहे म्हणाली. रात्री तिनेच फोन करून सांगितलं. बोटं उठवली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ मिळाला नाही. शेजारची अमेरिकन बाई खिडकीतून बघत होती, तिला पेढ्याऐवजी बिस्किट दिलं.

छान वाटलं. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेत दसऱ्याला सुट्टी असायची, पण दुसऱ्या दिवशी हातावरची मेंदी पाहून सिस्टर भुवई वर करायच्या. आज वाटलं, त्यांना बोलवावं आणि फोटो दाखवावा.

२७ ऑक्टोबर

गुडघा. चिवड्याचे पोहे आणले, उन्हात टाकले. श.चा फोन नाही. कामात असेल.

३० ऑक्टोबर, शनिवार

हे फोनवर दबक्या आवाजात बोलत होते. मी खोलीत आले तर "ठीक आहे, ठीक आहे" करून ठेवायला लागले. रिसीव्हर हातातून घेतला.

झालं ते असं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ऑफिसला निघताना श.ने कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. कुंकवाबरोबर तारीखही गेली. काळा-तांबडा डाग उरला. मग तिने घरातलं जाड पेन घेतलं आणि तीच तारीख, तिच्या जागी, नीट गिरवली. आपल्याकडे नंबर फिका झाला की पेंटरकडून गिरवून घेतोच की. ह्यांनी कितीदा घेतलाय.

तिकडे तो गुन्हा. पोलिसाने थांबवलं. त्या कागदावरचं एक अक्षरही गाडीवाल्याने बदलायचं नसतं. लोक तारीख पुढे ढकलून तशीच गाडी चालवतात म्हणे. तिला कोर्टाची तारीख मिळाली आहे, १७ नोव्हेंबर.

"तू का नाही सांगितलंस मला?" तिला विचारलं.

"तू स्वतःला लावून घेशील म्हणून."

लावून न घेऊन कसं चालेल. बोटं मी उठवायला लावली.

१ नोव्हेंबर

आज सगळं नीट समजावून घेतलं. गुन्हा कबूल आहे असं कळवून दंड भरला तर कोर्टात जायला नको. पण मग 'नंबरात फेरफार केला' हे तिच्या नावावर कायमचं. व्हिसाच्या वेळी विचारतात. कोर्टात गेली आणि जजने ऐकलं तर खोडलं जाईल. नाही ऐकलं तर लायसन्ससुद्धा काही महिने काढून घेतात. मग ऑफिस कसं गाठायचं, आणि ऑफिस नाही तर तिथे राहायचं कसं.

पुन्हा मागच्या सीटवर. तेही कुणी नेलं तर.

४ नोव्हेंबर

हे दोन दिवस विचार करून फोनला बसले. "तारीख डीलरनेही हातानेच लिहिली होती ना? मग सगळं त्याचंच अक्षर आहे म्हण. कोण तपासणार?"

मी फोन घेतला आणि तेच म्हणाले. शिवाय पाऊस पडून शाई पसरली म्हण.

ती म्हणाली, "पाऊस नव्हता, आई. कुंकू होतं. आणि तो सेल्समन नवा आहे, माझ्याच वयाचा. त्याचं नाव घेतलं तर त्याची नोकरी जाईल."

"मग काय सांगणार आहेस?"

"जे केलं ते. पूजा केली, पुसलं, गिरवलं. डीलरकडे तारखेची नोंद आहे, ती मी नेणार आहे. एक दिवससुद्धा पुढे ढकललेला नाही."

"जजला कुंकू म्हणजे काय ते कसं सांगशील?"

"डबी घेऊन जाईन."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "तुझ्यावर गेली आहे." म्हटलं, माझ्यावर कुठली, मी तर आत्ताच तिला खोटं बोलायला सांगितलं. हे हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली. रोज सकाळी उभ्याने प्रार्थना, खरं बोला, खरं बोला. मी पाठ केलं. हिने काही पाठ केलं नव्हतं. मराठी शाळेत घातली होती, सासूबाईंच्या हट्टाने.

९ नोव्हेंबर

पत्र्याची प्लेट मिळाली. श.ने स्वतः स्क्रू आवळून बसवली. "बाबांना सांग, स्क्रू ड्रायव्हर माझा आहे." ह्यांना सांगितलं. तेव्हापासून शीळ घालताहेत.

कागदी नंबर मात्र तिने फेकला नाही, कोर्टात दाखवायचा आहे.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

वन्सं आणि त्यांच्याकडची मंडळी फराळाला. "शलाकाच्या गाडीचं काय? फिरती का?"

"फिरते."

"आवाज असा का गं पडला तुझा?"

"सर्दी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि करंज्यांचं ताट वन्संपुढे सरकवलं. वन्संना कळलं तर मखमलाबादभर होईल. पूजेपायी पोरगी कोर्टात. नको. सगळं मिटल्यावर सांगू.

अनारसे यंदा हसले नाहीत, एकही तुपात विरला नाही.

१५ नोव्हेंबर

सारखं एकच डोळ्यासमोर येतं. मोठी खोली, उंच खुर्ची, समोर माझी पाच फुटांची मुलगी आणि हातात कुंकवाची डबी. भीती वाटते. आणि भीतीच्या खालीच आणखी काही तरी आहे. ते कुणाला सांगितलं तर शोभणार नाही. अशी मुलगी मला झाली, असं काहीसं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. निघण्याआधी तिने फोन केला. सुती साडी नेसावी का विचारत होती. म्हटलं, तुझे ऑफिसचे कपडे घाल. "आणि आई, काळजी करू नकोस. रस्ता पाहून ठेवलाय. पार्किंगही." कोर्टाची नाही, पार्किंगची काळजी.

सातला वन्संना पुतण्याने स्कूटरवरून दारात सोडलं आणि तो गेला. पेरू आणलेत. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष ह्यांच्याकडे. हे फोनशेजारी पेपर धरून, पान उलटत नाहीत.

"काय झालंय? शलाकाचं काही हाय का?"

मी सर्दी म्हणणार होते.

"ती आत्ता कोर्टात आहे, वन्सं," म्हटलं. आणि सगळं सांगितलं. कुंकू, पुसणं, गिरवणं, पोलीस. डीलरवर ढकलायला आम्ही सांगितलं आणि ती नाही म्हणाली, तेही. सांगताना मान खाली घालावी लागेल असं वाटलं होतं. तशी वेळच आली नाही.

वन्सं पेरू चाचपत ऐकत होत्या.

"संगं कोण गेलंय?"

"कुणी नाही."

"येवढ्या लांब? कशी गेली?"

"स्वतःच्या गाडीने. चालवत."

त्यांनी पेरू खाली ठेवला आणि सोफ्यावर पाय वर घेतले. "मग बसते मी. फोन येईस्तवर काय जात नाय."

"उशीर होईल, वन्सं. पुतण्या घ्यायला येईल ना?"

"येऊ दे. तोबी बसंल."

आता साडेआठ होऊन गेलेत. बाहेर दोघं भाऊबहीण फोनकडे बघत बसलेत. फोन अजून नाही. मी ओट्याशी उभी राहून हे लिहिते आहे. कणीक दोघांची भिजवली होती, त्यात आणखी पीठ घातलं.