काजं आणि कारखाने

३ जानेवारी
प्रश्न चौथा डोक्यातून जाईना! 'काही देशांत कारखाने आधी का सुरू झाले, काहींत उशिरा का?' पंचेचाळिसाव्या वर्षी शाळेची परीक्षा द्यायला निघाले, त्याची ही शिक्षा. पुस्तक म्हणतं — कोळसा. अहो, पण कोळसा इतरांच्याही जमिनीखाली होताच की! मग त्यांनी का नाही उपसला?

५ जानेवारी
दिवसभर दादाच्या शिलाईच्या दुकानात काजं. सगळी हाताने. नवरा गेला, दादाकडे राहायला आले, तेव्हापासून हेच — अठरा वर्षं! सुई ओढता ओढता वहिनीला तो प्रश्न घातला. म्हणाली, "तिकडे थंडी फार, वन्सं. हात गारठत असतील, म्हणून यंत्रं केली!" दोघी पोट धरधरून हसलो. दादा कटिंगच्या टेबलावरून ओरडला, "दात काढणं पुरे! उद्या गणवेश द्यायचेत."

६ जानेवारी
बोट सुजलंय. अंगुस्तान चढत नाही.

९ जानेवारी
रविवारचा वर्ग. बाईंना कोळशाचं विचारलं. केवढ्या खूश झाल्या! म्हणाल्या, यावर विद्वानांचंही एकमत नाही. कुणी कोळसा म्हणतं, कुणी समुद्रापलीकडचा व्यापार, कुणी बळकावलेले मुलूख. "आणि काही म्हणतात, जिथे मजुरी महाग होती तिथे यंत्र घेणं परवडलं. हात स्वस्त असतील तर यंत्र घेईल कोण?"
घरी येईपर्यंत तेच वाक्य घोळत होतं. भाजी घ्यायची राहिलीच.

१० जानेवारी
शिलाई मशिनांना तेलपाणी करायला मेकॅनिक आला होता. म्हणाला, "मास्तर, आता काजाचं मशीन घ्या की." दादाचं ठरलेलं उत्तर — "कशाला? आमची चिमी आहे ना!"
हे मी शंभरदा ऐकलंय. दरवेळी बरंच वाटायचं, वेडीच मी! आज सुई हातातच राहिली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं माझ्याच स्टुलावर बसलं होतं!

११ जानेवारी
बाईंचं खरं की खोटं, करून पाहिल्याशिवाय कळणार कसं? जेवताना म्हटलं, "दादा, पुढल्या महिन्यापासून मला पगार दे."
तो म्हणाला, "घरच्या माणसाला पगार?" वहिनीने त्याला आणखी भात वाढला. मला भीती वाटली, खरंच. जायला दुसरं घर कुठंय? पण शब्द मागे घेतला नाही.

१२ जानेवारी
दादाने आज एकट्यानेच जेवून घेतलं. मी उरलेली काजं पुरी केली.

१४ जानेवारी
दुकानात भलंमोठं खोकं! काजाचं मशीन! अठरा वर्षांत आलं नाही, ते तीन दिवसांत आलं. बाई, तुमचं खरं निघालं!
दादा एकदम खुशीत. "चिमे, आता तुला आरामच आराम!"
मी पगाराचं विचारलं. म्हणाला, "कशाचा?"