एकशे एकसष्ट वेळा तीन

मूंटा,
३ मार्च

चि. टॅमसिनला डेन्झिलकाकाचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझी तब्येत कशी आहे ते लिही. मागच्या वेळी फोनवर खोकत होतीस आणि खोकताखोकताच खोकला नाही म्हणून सांगत होतीस. माल्कम जावयाची पाठ काय म्हणते? लेकीच्या, इसोबेलच्या, टॉन्सिलना तारीख मिळाली का? तुझ्या आईचा नवा गुडघा वळतो ना नीट, की अजून पायऱ्या पाठमोरी उतरते? इकडे लॉर्नाकाकूची रक्तदाबाची गोळी बदलली, ती तिला मानवली आहे. कुत्र्याला ऐकू येत नाही, पण बिस्किटाचा डबा उघडला की येतं.

आता माझं. काल इस्पितळाचं पत्र आलं. माझ्यासारख्या कंपवाताच्या चोवीस माणसांच्या मेंदूत तारा घातल्या, छातीत काड्यापेटीएवढी बॅटरी बसवली, बारा आठवडे यंत्र चालू ठेवलं आणि बारा आठवडे बंद. कुणाचं कधी चालू ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, ना आम्हाला सांगितलं ना आमच्या नर्सला. हे सगळं तुला ठाऊक आहे, तूच मला त्यात ढकललंस. आता पाकीट फोडून सांगतात की माझं पहिल्या बारा आठवड्यांत बंद होतं आणि नंतरच्या बारांत चालू. आणि पुढच्याच ओळीत सांगतात की चालू आणि बंद यांत फरक आढळला नाही.

फरक नाही म्हणजे काय गं? पहिल्या बारांत माझे पाय संडासाच्या दारात खिळले होते. चाळीस मिनिटं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी लॉर्नाने फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले, समोर रेघ दिसली की खिळलेला पाय उचलतो, तेव्हा एकेक पट्टा ओलांडत बाहेर आलो. नंतरच्या बारांत मी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, मासे धरणाऱ्या पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि चालत परत आलो. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त केल्या. चक्की फिरते की नाही ते मला खालून बघून कळतं, त्याला पदवी लागत नाही.

पत्रात शेवटी असं आहे की यंत्र बनवणारी कंपनी आता हे काम बंद करते आहे. चालू आहेत ती यंत्रं चालू राहतील, पण बॅटरी संपली की नवी मिळणार नाही. माझी दीड वर्ष पुरेल असा नर्स ब्रॉन्विनचा अंदाज. म्हणजे दीड वर्षाने मी पुन्हा त्या दारात.

लोकांच्या आजारांचे आकडे मांडून औषध लागू पडलं की नाही हे सांगणं तुझं पोटापाण्याचं काम. तेव्हा समजावून सांग. रागाने लिहितोय, पण तुझ्यावर नाही. अजून तरी नाही.

तुझा,
डेन्झिलकाका

•

अॅडलेड,
९ मार्च

ती. डेन्झिलकाकांना टॅमसिनचा सा. न.

खोकला खरंच गेला. माल्कमची पाठ बागकामाच्या दिवशीच दुखते. इसोबेलचं ऑपरेशन एप्रिलात. आई पायऱ्या सरळ उतरते, पण कुणी बघत असेल तरच.

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तो अभ्यास आमच्या संस्थेचा नाही, त्यामुळे आतलं मला काही माहीत नाही, पण छापलेला निकाल मागवून वाचला. तुम्ही सगळ्यांनी रोज रात्री एक फॉर्म भरायचा होता, ‘आज चालणं कसं होतं’, एक ते पाच. एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे उत्तम. चोवीस जणांची चालू असतानाची सरासरी आणि बंद असतानाची सरासरी यांत फक्त दोन दशांशांचा फरक निघाला. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. म्हणून ‘फरक आढळला नाही’. तो नाहीच, असं ते म्हणत नाहीत, आढळला नाही म्हणतात. आमच्या धंद्यात या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. कंपन्यांना मात्र ते दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मी धक्क्यापर्यंत चाललो त्याचं काय. काका, एका माणसाचं चालणं पुरावा होत नाही. काहींचे पाय ऋतू बदलला तरी सुटतात. म्हणून तर चोवीस जण घ्यायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि कुणालाच काही सांगायचं नाही. हे तुम्हाला फसवायला नाही, आम्ही स्वतः फसू नये म्हणून.

पण मलाही काहीतरी खटकतंय. दारात चाळीस मिनिटं आणि धक्क्याचं टोक, एवढं अंतर असलेल्या माणसाचे आकडे सरासरीत दिसायला हवेत. फॉर्मच्या खालची पिवळी प्रत तुमच्याकडेच राहिली असेल. ती सगळी पाठवाल का? लॉर्नाकाकूंना सांगा, पाकिटात केक घालू नका, मागच्या वेळी टपालखात्याने खाल्ला.

तुमची,
टॅमसिन

•

मूंटा,
१४ मार्च

चि. टॅमसिनला आशीर्वाद.

सगळ्या प्रती पाठवतो आहे, एकशे अडुसष्ट दिवसांच्या. एकही दिवस चुकवलेला नाही. जेवण झालं की लॉर्ना भांडी पुसायची आणि मी फॉर्म भरायचो. ब्रॉन्विन म्हणायची, इतका नीटनेटका कागद आमच्याकडे कुणाचा येत नाही. तेव्हा दोष शोधायचा असेल तर दुसरीकडे शोध. केक घातलेला नाही. बिस्किटं घातली आहेत.

उत्तराची वाट बघतो.

डेन्झिलकाका

•

अॅडलेड,
१९ मार्च

ती. काका, सा. न.

बिस्किटं पोचली. कागदही पोचले.

काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी ते ओळीने मांडले आणि मोजले. एकशे अडुसष्टपैकी एकशे एकसष्ट दिवशी तुम्ही तीनवर गोल केलाय. उरलेल्या सातांत चार वेळा चार आणि तीन वेळा दोन. एकदाही एक नाही, एकदाही पाच नाही.

संडासाच्या दाराची तारीख काकूंना फोन करून विचारली. त्या दिवशी तीन. धक्क्यावर गेलात तो रविवार. त्या दिवशीही तीन. काका, त्या दिवशी तीन कसे?

मला इतका राग आला आहे की सविस्तर लिहवत नाही. इस्पितळाने शस्त्रक्रिया केली, नर्सने रोज फोन केला, कुणीतरी रात्र रात्र बसून आकडेमोड केली, आणि तुम्ही रोज सहा सेकंदांत तीनवर गोल मारून मोकळे झालात. मोजपट्टीवर एकच खूण असेल तर ताड आणि झुडूप सारखेच उंच भरणार. हे तुमच्या एकट्याचं असेल तर चालून जाईल. पण मला भीती वाटते की नसेल.

काकूंना नमस्कार.

टॅमसिन

•

मूंटा,
२७ मार्च

चि. टॅमसिनला आशीर्वाद.

तुझं पत्र लॉर्नाला वाचून दाखवलं नाही. तिनेच चष्मा लावून वाचलं, आणि मग दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

आता माझं ऐक. तू इथेच वाढलीस, तुझे आजोबा तुला आठवतात. बोट यंत्रात गेलं तेव्हा कसं आहे विचारलं तर काय म्हणाले होते? ‘वाईट नाही.’ आपल्याकडे माणूस असंच सांगतो. एक लिहिणारा म्हणजे कुरकुऱ्या. आणि पाच लिहिणारा म्हणजे फुशारक्या मारणारा, तो तर त्याहून वाईट. दारात अडकलो हे खरं, पण त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतला नॉरिस पलंगावरून उठलाही नव्हता. तो जर दोन, तर मी एक कोणत्या तोंडाने लिहू? आणि धक्क्यावर गेलो त्या दिवशी पाच लिहिलं असतं तर उद्यासाठी काय उरलं असतं? कागदावर छापलं होतं, आजचा दिवस कसा. माझं मन म्हणालं, वाईट नाही. मी तीन लिहिलं. खोटं काय लिहिलं सांग.

तू लिहिलंस की एकटा नसेन. क्लॅरीला विचारून आलो. तो पोर्ट ह्यूजेसला मासेमारी करायचा, त्याचं यंत्र माझ्याच आठवड्यात बसवलं. त्याला विचारलं, तू काय लिहायचास. तो म्हणाला, तीन, दुसरं काय लिहिणार. यंत्र बंद होतं त्या दिवसांत दोन वेळा होडीतून पाण्यात पडला आहे. मग वॉलरूची बेरिल. तिने दोन लिहून नंतर खोडलं, कारण ब्रॉन्विनला उगाच काळजी वाटेल. चोवीसांतले आम्ही सात जण या द्वीपकल्पावरचे. सातही जण सारखेच निघालो.

तेव्हा मला एक सुचलं आहे. फॉर्म पुन्हा भरतो. मला सगळं आठवतं आणि जे आठवत नाही ते लॉर्नाला आठवतं. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे: ‘डी. पडला’, ‘डी. दुकानात गेला’. त्यावरून एक आणि पाच खरेखुरे टाकतो. क्लॅरी आणि बेरिलही तयार आहेत. तू फक्त इस्पितळातल्या लोकांना सांग की हे धरा. तुझा शब्द मानतील. एवढं कर, टॅमसिन. मला त्या दारात परत जायचं नाही.

तुझा,
डेन्झिलकाका

•

अॅडलेड,
५ एप्रिल

ती. काकांना सा. न.

इसोबेलचं ऑपरेशन झालं. आइसक्रीम खाऊन मजेत आहे. आम्ही सगळे ठीक.

काका, मी ते सांगणार नाही.

आधी पूर्ण वाचा, मग पत्र फाडा. तुमचं यंत्र कधी चालू होतं आणि कधी बंद, हे तुम्हाला आता कळलंय. कळल्यावर माणूस आठवतो ते वेगळंच आठवतो. तुम्ही खोटं लिहाल असं मी म्हणत नाही. खरं लिहितोय असं वाटत असतानाच हात झुकतो. माझाही झुकेल. सगळ्यांत आधी माझाच झुकेल, कारण मला तुमचे पाय हवे आहेत. उद्या दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या कंपनीने निकाल पडल्यावर असेच ‘दुरुस्त’ फॉर्म आणले तर ते फेकून द्या म्हणणारी मीच असेन. त्यांना एक नियम आणि माझ्या काकांना दुसरा, हे मला करता येत नाही. काकूंचं कॅलेंडर त्याच दिवशी लिहिलेलं आहे हे खरं. ते मी अभ्यासाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे. पण चोवीसांपैकी एकाच्याच स्वयंपाकघरात असं कॅलेंडर निघालं, त्यावर सरासरी उभी राहत नाही.

मी एवढं केलं: तुमच्या आणि बाकी सहा जणांच्या पिवळ्या प्रती, तुमच्या सगळ्यांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर मांडल्या. मुख्य डॉक्टरांनी त्या एकेक करून चाळल्या. मग म्हणाले की आम्ही यंत्र तपासलं, मोजपट्टी तपासलीच नाही. आता ते निकालासोबत तसं स्पष्ट छापतील. आणि नवा अभ्यास मांडताहेत, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचा, त्यात घोट्याला मोजणारा पट्टा असेल. पाय किती वेळा खिळला ते पट्टाच लिहील.

तुम्हाला त्यात घेता येणार नाही. ज्यांच्या डोक्यात आधीच तारा आहेत त्यांना वगळलं आहे, आणि ते बरोबरच आहे. जुन्या कंपनीला बॅटरीसाठी मी चार पत्रं लिहिली. चारही वेळा एकच उत्तर आलं, तेही बहुधा यंत्राने लिहिलेलं.

मला माझ्या कामाचा एवढा वैताग कधी आला नव्हता. आणि ते काम चुकीचं आहे असंही म्हणता येत नाही. त्याचाच जास्त वैताग येतो.

रागावला असाल तर रागाचं पत्र लिहा, पण लिहा.

टॅमसिन

•

मूंटा,
२२ मे

चि. टॅमसिनला काकाकाकूंचे आशीर्वाद.

दीड महिना लिहिलं नाही. रागावलो होतो. लॉर्नाने तुला फोनवर सांगितलं की मला सर्दी आहे. सर्दी नव्हती. क्लॅरीशी बोलताना मी तुझ्याबद्दल काहीबाही बोललो, ते त्याने तुला कधी सांगितलं तर खरं समज.

राग पुरता गेलेला नाही. तू म्हणतेस ते डोक्याला पटतं, पायांना पटत नाही. पण पवनचक्कीचं मापच चुकलं तर मी पंखा बदलत नव्हतो, माप आणायला गावात जात होतो. गिऱ्हाईक उन्हात उभं राहून शिव्या द्यायचं, तरी जात होतो. तेव्हा तुला जास्त बोलायचा हक्क मला नाही.

ब्रॉन्विनचा फोन आला होता. नव्या अभ्यासाची माहिती द्यायला ती गावच्या सभागृहात येणार होती, आणि मी चार शब्द बोलावेत असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, मला त्यातून काय मिळणार. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की काही नाही. म्हणून गेलो. तिने काही गोड सांगितलं असतं तर गेलो नसतो.

अकरा जण आले होते, सगळे आपल्यासारखेच. हात थरथरताहेत आणि सगळे म्हणताहेत, वाईट नाही. घोट्याचा पट्टा असला तरी रोजचा फॉर्म आहेच, कारण झोप आणि दुखणं पट्ट्याला कळत नाही. मी उभा राहिलो आणि माझे एकशे एकसष्ट तीन सांगितले. दाराचंही सांगितलं. चारचौघांत संडासाचं नाव मी जन्मात पहिल्यांदा घेतलं. लॉर्नाने मान खाली घातली होती. मागच्या रांगेतला एक बार्लीवाला शेतकरी म्हणाला, रोज एक लिहिलं तर लोक कुरकुऱ्या म्हणतील. मी त्याला म्हटलं, ‘म्हणू देत. तू तीन लिहिलंस, तर तुझी बॅटरी तर जाईलच, शेजारच्याचीही जाईल. क्लॅरीची मी घालवली आणि माझी त्याने.’

मग ब्रॉन्विनने नमुन्याचा फॉर्म वाटला. बार्लीवाल्याने पेन्सिल बराच वेळ हातात धरली आणि दोनवर गोल केला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने रबर मागून ते खोडलं आणि एक केलं. त्याच्या बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. चहा झाला, मांस आणि सलगम भरलेल्या पेस्ट्या झाल्या, त्यांत सलगमच जास्त होता.

ब्रॉन्विनने माझ्या छातीवर तिचं यंत्र धरून पाहिलं. बॅटरी एकसष्ट टक्के. दिवस किती ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मोजत बसलो असतो, आणि मोजायचं काम तुझं.

आज कसा आहेस असं तू विचारशील, तर सांगतो. आज पाच. काल दोन होते, पायांनी नव्हे, मनाने.

माल्कमला आणि तुझ्या आईला नमस्कार, इसोबेलला पापा. पत्र लवकर धाड, लांबवू नकोस. बॅटरी आहे तोवर उत्तर टपालपेटीत टाकायला मी स्वतः चालत जाईन.

तुझा,
डेन्झिलकाका