बारीक मानेची बेस

२४ ऑगस्ट, रविवार
आई काल गेली.
हॉस्पिटलात नर्स म्हणाली, "अंगावरचं सोनं काढून घ्या." मंगळसूत्र श्रुतिकाने काढलं. डाव्या अनामिकेतलं वेढणं मात्र निघेना. मग मी बोटाला साबण लावून काढलं. सोन्याच्या तारेचे तीन वेढे — त्यांचे तीन वळ बोटावर तसेच राहिले.
वेढणं माझ्या पाकिटात आहे. बाबांना द्यायचं राहिलं.
श्रुतिका रडून रडून बेजार झालीय. धाकटी ना, हक्काने रडते. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. आत्या कुणाला तरी सांगत होती, "पोरगा दगड झालाय." झालोय बहुतेक.

२५ ऑगस्ट
काही नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. आमचा गावाला असतो, चुलतभाऊ बघतील. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी आमच्यामुळे आरत्या हळू आवाजात म्हटल्या. उगाच! मोठ्याने म्हटल्या असत्या तरी मला काय फरक पडला असता?

२९ ऑगस्ट, शुक्रवार
बेस गिटार आली. आजच यायची होती.
कुरिअरवाला दारात ती लांबलचक पेटी घेऊन उभा, आणि आत्या आतून ओरडली, "सुतकात नवी वस्तू घरात घ्यायची नाही! तू हातसुद्धा लावू नकोस!" तो बिचारा माझ्या डोक्याच्या गोट्याकडे बघत राहिला. शेवटी समोरच्या शुभाताईंनी सही करून आपल्याकडे घेतली. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती. म्हणजे माझी बेस आता मखराशेजारी उभी आहे, आणि मी इकडे दार लावून पलंगावर पडलोय.
वर्षभर वाट बघितली हिची. लोक गाड्या घेतात, मी बेस घेतली. तयार नाही, माझ्यासाठी बनवून. बेळगावच्या देवदत्तने हाताने केलेली — पाच तारा, अंग फणसाच्या लाकडाचं. ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मापाची वाजवली, एक तरी आपल्या मापाची हवी, एवढंच मनात होतं.
मापही त्याने गंमतशीर मागवलं होतं. गिटारची मान धरतो तशी डाव्या मुठीत माती धरून दाबायची, वाळवायची आणि तो साचा पाठवायचा. त्या मुठीत बसेल अशी मान तो तासणार. गेल्या गणपतीत घरात शाडू होतीच. आईचं माहेर म्हणजे गणपतीची शाळा, मूर्ती घडवणारं घर, त्यामुळे ती दर वर्षी हौसेने एक छोटी मूर्ती करायची. उरलेल्या शाडूचा मी साचा केला, वाळत ठेवला आणि शोसाठी नाशिकला पळालो. कुरिअर तिनेच केलं.
आज आनंद व्हायला हवा होता. दुःख तरी. पंखा बघत पडलो, झालं.

४ सप्टेंबर, गुरुवार
तेरावं झालं. लोक पोटभर जेवले. श्रीखंड चांगलं होतं म्हणे.

५ सप्टेंबर, शुक्रवार
पेटी उघडली. बाबा शेजारी येऊन बसले. फणसाचा तो पिवळा रंग बघून म्हणाले, "आपल्या दारातलो फणस असोच होतो." मग लाकडावर तळहात ठेवून बसून राहिले.
दिसायला झकास आहे. यात वाद नाही. पण हातात घेतली तर मान बारीक! अंगठा मागून पुरा वळून वर येतो, बोटं एकमेकांवर चढतात. म्हटलं, नवी आहे, दोन दिवसांनी हात बसेल.
बाबा म्हणाले, "वाजय मगे." घरात अँप्लिफायर लावायचं मन नव्हतं. तशीच वाजवली. अँपशिवाय बेस कुठे ऐकू येते! बाबांनी कान लाकडाला लावला. मी चार सूर वाजवले आणि ठेवून दिली.

९ सप्टेंबर, मंगळवार
विकीचा फोन. ऑर्केस्ट्रा त्याचा, नवरात्रीचं कंत्राट त्याचं, टेन्शनही त्याचंच. "भाई, तू घरी बसलास तर वेडा होशील. ये ना यार." आत्याचं म्हणणं, वर्षभर वाजवणं नको. बाबा म्हणाले, "पोटाचा धंदो तो. जा."
गेलो. जायला काय लागतं.

११ सप्टेंबर, गुरुवार
भांडुपला प्रॅक्टिस. वाट लागली. डाव्या हाताला मान सापडतच नाही. दर दोन गाण्यांनी पंजा आखडतो. विकीने हातात घेऊन बघितली — "ही लेडीज साइज आहे का रे?" सगळे हसले. मीही हसलो, तोंडाने.
उरलेली गाणी जुन्या बेसवर वाजवली. नवी पेटीत.

१२ सप्टेंबर
देवदत्तला फोन लावला. चांगलाच बोललो. वर्ष घेतलंत आणि माप चुकवलंत! तो बिचारा चढ्या आवाजातसुद्धा बोलला नाही. "साहेब, तुमच्या साच्याच्या बाहेर मी केसभर गेलेलो नाही. इतका सफाईदार साचा मला आजवर कुणी पाठवला नव्हता." सफाईदार! माझा तर ओबडधोबड गोळा होता. मस्का मारतोय, दुसरं काय.
वर म्हणाला, "साचा पाठवायला दोन दिवस उशीर होईल म्हणून तुमच्या आईंचा फोनसुद्धा आला होता. कशा आहेत त्या?"
गेल्या, म्हटलं.
मग म्हणाला, "बेस परत पाठवा. ही मान काढून नवी बसवून देतो. साचा मी जपून ठेवलाय, तोही पाठवतो. तुम्हीच मुठीत धरून बघा."
"जुन्या मानेचं काय करणार?"
"एवढी बारीक कुणालाच चालायची नाही. टाकून द्यायची."
बरं, म्हटलं. पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता कुरिअर बेस न्यायला येईल.

१४ सप्टेंबर, रविवार
श्रुतिका आली होती. आईच्या साड्या वाटायला काढल्या. प्रत्येक साडी नाकाला लावून रडत होती. मी घड्या करून दिल्या. जाताना चिडली — "दादा, तू माणूस आहेस की कोण?"
मी तिच्या पिशव्या खाली रिक्षात ठेवून आलो.

१६ सप्टेंबर
बाबा सकाळी दोन कप चहा करतात. एक स्वतःला, एक तिला. मग लक्षात येतं, मला हाक मारतात. मी पितो. मला चहा चालत नाही सकाळी, तरी पितो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बेळगावहून पार्सल आलं. साचाच असणार. उघडलं नाही, फ्रिजवर ठेवलं. चूक त्याची निघाली काय, माझी निघाली काय — मान तर बदलायचीच आहे. बेसची पेटी बांधून दाराशी ठेवली.
बाबा म्हणाले, "कित्याक परत धाडतंस? बरी हा मगे."
"माझ्या हाताची नाही, बाबा."

२० सप्टेंबर, शनिवार
कुरिअरची वाट बघत होतो. वेळ जाईना म्हणून पार्सल उघडलं.
तो साचा माझा नाही. गुळगुळीत, पाण्याचा हात फिरवून पुसलेला. मूर्तीला फिरवतात तसा. मुठीत धरला तर माझी बोटं खळग्यांच्या बाहेर. आणि अनामिकेच्या खळग्यात तीन बारीक रेघा. देवदत्तला वाटलं असेल, मी अंगठी घालून वाजवतो!
पाकिटातलं वेढणं काढून रेघांवर ठेवलं. तिन्हीच्या तिन्ही बसल्या.
माझा साचा तिच्या हातून फुटला असणार. मी ओरडेन म्हणून बोलली नाही. दोन दिवसांत गुपचूप नवा करून, वाळवून पाठवला. स्वतःच्या मुठीत दाबून! सगळ्यांच्या मुठी सारख्याच, असं वाटलं असेल तिला.
कुरिअरवाल्याला परत पाठवला. बाबा धावत आले, "काय झाला रे? रडतंस कित्याक?" त्यांना खाली बसवलं. बेस काढून त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांचा हात धरून मानेवर ठेवला.
एवढासा हात होता तिचा.