किताओका आजींची गोष्ट

ओसाका, मंगळवार

तीर्थस्वरूप सुचित्रामामींना अश्लेषाचा वाकून नमस्कार. मामांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला गेला का? मी बरी आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रही अर्धं उभ्यानंच लिहिते आहे.

माझा प्रबंध ज्यांच्यावर आहे ते आयरिश कवी (आई त्यांना ‘तुझे साहेब’ म्हणते, ते कधीच वारले हे तिला सांगितलेलं नाही) लहानपणी शाळा बुडवून घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे बसायचे आणि चिमूटभर तंबाखू देऊन लोककथा वहीत उतरवायचे. त्यांच्या या बालपणावर मी साठ पानं लिहिली. सरांनी ती वाचून विचारलं, “अश्लेषा-सान, तुम्ही स्वतः कुणाकडून गोष्ट ऐकून लिहून घेतली आहे का?” मी नाही म्हटलं. “मग तीन आठवड्यांत एक आणा. तोवर हे प्रकरण मी स्वीकारणार नाही.”

शेजारी किताओका आजी राहतात (वय ब्याऐंशी, माझा कचरा चुकीच्या पिशवीत गेला की त्याच बाहेर काढतात). तंबाखू कशी देणार, म्हणून डबाभर बेसनलाडू दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, मुळ्याचं लोणचं भरून. वर त्यांच्याच वाडग्यात रताळी. आता वाडगा रिकामा परत करायची आपली रीत नाही, म्हणून मी शंकरपाळे भरले. त्यांनी संत्री पाठवली. मी चिवडा. फुकट घ्यायची त्यांचीही रीत नाही, हे मला सोळाव्या दिवशी कळलं. तोवर माझे कपडे घट्ट झाले होते आणि वही कोरी होती.

काल मी सरळ त्यांच्या दारात बसले आणि म्हटलं, “आजी, गोष्ट सांगा.” त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “सांगते की. पण आमच्याकडे पाहुणा आधी सांगतो.” मी ऐटीत सुरुवात केली, आटपाट नगर होतं. नगर उभं राहिलं मामी, पण त्यात राहायला कोणी येईना. आजी वाट बघत बसल्या. मग म्हणाल्या, “शुक्रवारी सकाळी ये. आठवून ये.”

एकंदरीत संशोधन उत्तम चालू आहे.

तुमची,
अश्लेषा

ता. क. आईला यातलं काही बोलू नका. मी गोष्टींची डॉक्टर होणार, असं तिनं गल्लीभर सांगून ठेवलंय.

ता. क. २ तीन आठवडे शुक्रवारी संपतात, सर दुपारी भेटायला बसतात. गुरुवारी फोन करते, उचला. दुपारी चिंचा फोडताना तुम्ही सगळ्यांना एक गोष्ट सांगायचात, तेव्हा “हिला पदवीधर व्हायचंय” म्हणून मला आतल्या खोलीत पुस्तकासमोर बसवलेलं असायचं. भिंतीतून फक्त हसणं ऐकू यायचं. गोष्ट कितीही लांब असू दे, सगळी लिहून घेईन. पण तुम्ही सगळ्या एवढ्या कशाला हसायचात, ते आधी सांगा.